नारबा साळिंदराची गाडी

एका जंगलात पाणी प्यायला डबकं एकच होतं, पण गाड्यांचं शोरूम मात्र चांगलं काचेचं होतं. हसताय काय रे? आधी ऐका.

त्या जंगलात नारबा नावाचा साळिंदर राहायचा. साळिंदर म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? ज्याच्या पाठीवर हातभर लांब काटे असतात तो. नारबा काटेरी, बायको काटेरी, दोन पोरं काटेरी, म्हातारी आई तर सगळ्यांत काटेरी. एकमेकांपासून जरा अंतर ठेवून सगळे सुखात होते.

आईची थोरली बहीण, गंगूमावशी, दोन टेकड्यांपलीकडे राहायची. एक दिवस तिचा निरोप आला, "डोळ्यांपुढं अंधारी येते गं. पार आंधळी व्हायच्या आत एकदा तुझं तोंड बघू दे."

आईने लगेच काठी उचलली.

"चालत निघालीस?" नारबा ओरडला. "लोक काय म्हणतील? आई, तुला मी गाडीतून नेणार. झोकात!"

आई बिचारी भोळी. तिने काठी परत कोपऱ्यात ठेवली.

शोरूम कोल्ह्याचं होतं. "या या, नारबाशेठ! काय दाखवू? डिझेल, हायब्रिड, का प्लग-इन हायब्रिड?"

नारबाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कळत नाही असं म्हणायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. कोल्हा दार उघडायला गेला, तर हा म्हणाला, "दार राहू द्या. बॉनेट उघडा."

बॉनेट उघडलं. नारबाने आत डोकावून "हं" केलं. दुसऱ्या गाडीत डोकावून "हं हं" केलं. तिसऱ्या गाडीला नुसतीच मान हलवली.

"अरे नारबा," मागून आई म्हणाली, "पण यात आपण बसायचं कसं?"

"आई, तू गप गं जरा. इथे इंजिनाचं चाललंय."

मुलांनो, तुमच्या लक्षात आलं ना? ओरडून सांगू नका. तो आईचं ऐकेना, तुमचं काय ऐकणार!

मग सल्ले सुरू झाले. गवा म्हणाला, "डोळे झाकून डिझेल घे. ओढ म्हणजे काय ओढ! घाट असा चढते की बघत राहशील." गव्याने जन्मात गाडी चालवली नव्हती. पण एवढी शिंगं हलवत कोणी बोललं की पटतंच. नारबाने डिझेल नक्की केलं.

तेवढ्यात कुजबुज आली, की सिंहमहाराज डिझेलवर बंदी घालणार. कधी घालणार? ते खुद्द महाराजांनाही माहीत नव्हतं. नारबाने डिझेल रद्द केलं.

वटवाघूळ उलटं लटकून म्हणालं, "हायब्रिड घ्या. पेट्रोल पण, बॅटरी पण. माझंच बघा. धड पक्षी नाही, धड प्राणी नाही. काही अडलंय का माझं?" नारबाने हायब्रिड नक्की केलं.

"मग प्लग-इनच घ्या की शेठ," कोल्हा म्हणाला. "घरी वायर लावायची, बॅटरी भरायची, आणि पेट्रोलला हात न लावता दहा कोस."

"पण जंगलात वीज कुठाय?"

"खांब आलेत ना?"

खांब खरंच आले होते. तीन वर्षं झाली होती. त्यांवर माकडं बसायची.

इकडे मावशीचा दुसरा निरोप आला, "आता नुसत्या सावल्या दिसतात."

आईने कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं. "नारबा, मी आपली चालत..."

"अगं, याच आठवड्यात नक्की करतोय!"

त्याला आईची माया नव्हती असं नाही हो, खोटं कशाला बोलू? आईला खिडकीशी बसवायचं, मावशीच्या दारात हॉर्न वाजवायचा, हे त्याला स्वप्नातसुद्धा दिसायचं. फक्त त्या स्वप्नातही तो बॉनेटपाशीच उभा असायचा.

अखेर प्लग-इन आली. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. नारबा ऐटीत दार उघडून आत बसला.

फस्स!

पाठीवरचे झाडून सगळे काटे सीटमध्ये रुतले. नारबाला ना उठता येईना, ना वळता येईना. बायको ओढायला आत शिरली, ती शेजारच्या सीटला अडकली. पोरं मदतीला धावली, ती मागे अडकली.

"सीट कव्हर वेगळं मिळेल, शेठ," कोल्हा म्हणाला आणि निघून गेला.

आईने काठी उचलली आणि ती चालू लागली.

आठ दिवस ते कुटुंब गाडीत होतं. शेजारी येत, पेढे खात, खिडकीतून चार कंदमुळं आत टाकत आणि विचारत, "काय नारबा, किती देते?"

"आठ दिवस झाले," नारबा सांगायचा, "थेंबभर पेट्रोल लागलं नाही!"

गव्याचे डोळेच पांढरे झाले. डिझेलबिझेल विसरून त्याने त्याच दिवशी प्लग-इन बुक केली.

नवव्या दिवशी आई परत आली.

"भेटली का मावशी?" नारबाने आतूनच विचारलं.

"भेटली. पण डोळे गेले रे तिचे. चार दिवस आधी पोचले असते, तर तिने मला पाहिलं असतं. माझे काटे खुळखुळले, त्यावरून ओळखलं तिने. म्हणाली, आलीस होय गं?"

नारबाला आईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण सीट सोडेना.

"थोडं थांबायचंस ना गं आई," तो म्हणाला. "झोकात नेलं असतं."

तात्पर्य : गाडी बघायला जाताना "यात बसायचं कसं?" असं विचारणाऱ्या म्हातारीला बरोबर नेऊ नये. चुकून तिचं ऐकलंत, तर जिथं जायचं तिथं वेळेवर पोचाल, आणि गाडी घ्यायची राहून जाईल.