किसनराव फिटर आणि पिंगळीची गाडी

किसनराव फिटर लग्नाला आले तरी त्यांच्या काखेत फटफटीची मागची चक्री असायची. जिच्यावरून साखळी फिरते, ती दातेरी चक्री. पंगतीत ते ती पाटाशेजारी ठेवायचे आणि वाढपी आला की त्याला दात मोजायला लावायचे.

"छत्तीस हायेत. आदी चवेचाळीस होते," असं सांगून ते समाधानाने वरणभात कालवायचे.

निजामी अमदानीतल्या परभणीत फटफटी बहुधा ही एकच, आणि ती नेमकी आमच्या शेजारी. किसनराव कापसाच्या जिनात कामाला. एक गोरा इंजिनिअर विलायतेला जाताना मोडकी फटफटी जिनात टाकून गेला, ती यांनी घरी आणली. बायको वारलेली, एकुलती लेक शारदा नांदेडला दिलेली. घरात ते आणि फटफटी.

त्यांनी एकच ध्यास घेतला होता. शेजारच्या पिंगळी स्टेशनाहून सुटलेल्या रेल्वेच्या आधी परभणी गाठायची.

"सगळा खेळ दाताचा हाय, मास्तर," ते मला म्हणायचे. मागचे दात कमी केले की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त फिरतं, वेग वाढतो. वाढलाही. फक्त चढ आला की फटफटी धापा टाकायची आणि मी उतरून ढकलायचो. वेग घेतला की जोर जातो, हे त्यांनी मला मी ढकलत असतानाच समजावून सांगितलं.

मग जोर आणायला त्यांनी इंजिनाचं हेड घासून पातळ केलं. आत दाब वाढतो म्हणे. दुसऱ्या दिवशी किक मारली, तर किकनेच उलटी लाथ मारली. किसनराव आमच्या कडब्याच्या गंजीत जाऊन पडले. "जोर आला," ते आतून म्हणाले. पुढे सायलेन्सर काढला, तर गल्लीतल्या म्हशींनी पान्हा चोरला. वजन कमी करायला मडगार्डंही गेली.

शर्यतीच्या दिवशी घड्याळ धरायला मला मागे बसवून ते पिंगळीला आले. गाडी आली तसे ते फलाटावर धावले. मला वाटलं, ड्रायव्हरला आव्हान द्यायला. ते बायकांच्या डब्याशी थांबले. खिडकीत शारदा होती. जावयाची लांब बदली झाली होती आणि सासरच्यांनी वाटेत माहेरी उतरू नको म्हणून बजावलं होतं. गाडी मिनिटभर थांबली आणि हलली.

"चला मास्तर," ते म्हणाले, "परभणीत गाडी जास्त थांबती. अजून एकदा दिसंल."

फटफटी अशी सुटली की माझी टोपी पिंगळीतच राहिली. चढावर मी सवयीने खाली उडी मारली, पण आज ती न ढकलता चढत होती. किसनरावांना माथ्यावर माझ्यासाठी थांबावं लागलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने मी शाळेतल्या कुठल्याच पोराकडे पाहिलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी नुकतीच लागत होती. किसनराव नखशिखांत चिखलाने भरलेले. शारदाने गजांतून हात काढला आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"बाबा, जेवले का?"

त्यांनी नुसती मान हलवली. गाडी सुटेपर्यंत ते तसेच तोंड वर करून उभे राहिले.

घरी येताना त्यांनी फटफटी ढकलत आणली. पेट्रोल संपलं म्हणाले. टाकीत ते डुचमळत होतं, मला चांगलं ऐकू येत होतं.