मधुकर शंकर तोडकर यांचा सामाईक उतारा

आमच्या तालुक्यात एका नावाच्या सगळ्या माणसांनी जन्मभर केलेली कामं एकाच सामाईक उताऱ्यावर लिहिलेली असतात, आणि त्यातलं कुणी काय केलं याची वाटणी दर तीन वर्षांनी होते. जमिनीचा असतो तसाच उतारा, फक्त पिकांच्या रकान्यात कामं. मी तिथली नावतलाठी. सव्वीस वर्षं झाली. लोक विचारतात, बाई, कंटाळा येत नाही का? येतो की! पण माझ्या नावाची तालुक्यात दुसरी एकच बाई आहे, आणि तिनं जन्मात कशाला हात लावलेला नाही. मग हे सोडून मी तिच्याकडून घेऊ काय?

बहुतेक वाटण्या सुखानं होतात. जो तो आपापलं घेतो, सही करतो, चहा पिऊन घरी जातो. पण वाटणी म्हटली की भाऊबंदकी आलीच. एखाद्याला नावभावाचं, म्हणजे त्याच नावाच्या दुसऱ्याचं, काम आवडतं. तसं आवडलं तर त्यानं अर्ज करायचा, मी पंधरा दिवस फळ्यावर नोटीस लावायची, आणि कुणाची हरकत आली नाही तर फेरफार मंजूर. काम ह्याचं त्याच्या नावावर चढतं. कामाबरोबर बोटांतलं कसब जातं, त्या कामाच्या आठवणी जातात, गावाच्या तोंडीही माणूस बदलतो. यातून सूट फक्त आयांना आहे. आयांच्या आठवणींना फेरफार लागू होत नाही, तसं परिपत्रकच आहे. पूर्वी लावून बघितला होता म्हणे, लागला नाही.

मधुकर शंकर तोडकर या नावाची चार माणसं. एक एसटीचा ड्रायव्हर, एक प्राथमिक शाळेचे मास्तर, दोघंही निवृत्त. तिसऱ्याची नाक्यावर पोल्ट्री आहे. चौथा खडकेवाडीचा मधू. तो गेल्या महिन्यात वारला.

एकविसाव्या दिवशी त्याची आई आनसाबाई ऑफिसात आली. पंचाहत्तरीची, काटकुळी, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "बाई, माझ्या मधूचं मरण लिहून घ्या."

मी उतारा काढला आणि कपाळाला हात लावला. ड्रायव्हरच्या नावावर चौतीस वर्षं एसटी. मास्तरांच्या नावावर शाळा, आदर्श शिक्षक पुरस्कार आणि जनगणना. पोल्ट्रीवाल्याच्या नावावर तर दीड पान. आणि मधूच्या पुढं काही नाही. कोरं.

आता कोऱ्या माणसाचा मृत्यू नोंदवता येत नाही. मेलं कोण, हे तर लिहायला पाहिजे ना? निदान एक ओळ लागते. आणि एकवीस दिवसांत नोंद झाली नाही, तर माणूस हयात धरला जातो आणि पुढच्या वाटणीला त्याला जातीनं हजर राहावं लागतं. मागं सुतारवाडीच्या एकाला राहावं लागलं होतं. फार हाल झाले त्याचे. बसायला खुर्ची दिली होती, पण त्याला बसता येईना.

हे मी आनसाबाईला सांगितलं. ती घाबरली. "न्हाई हो बाई," म्हणाली, "आता त्येला कुठं बोलावू नका. लई वणवण झाली त्येची."

मी शिपायाला तिन्ही तोडकरांकडं पाठवलं. नावभाऊ म्हटलं की यावंच लागतं. दुपारी तिघं आले, बाकावर बसले. मी परिस्थिती वाचून दाखवली आणि विचारलं, कुणी एखादी ओळ देतं का?

खोटं कशाला बोलू, माणसं चांगली आहेत. मास्तर लगेच म्हणाले, "माझी जनगणना घ्या. दोन महिने उन्हातून हिंडलोय, तेवढंच पुण्य लागेल त्याला." ड्रायव्हर म्हणाला, "माझं आठ महिन्यांचं निलंबन हाय, ते देतो की."

"अहो, निलंबन काय देताय मेलेल्या माणसाला!" मास्तर म्हणाले.

"मग? तेवढ्या काळात मला लई आराम मिळालेला हाय."

पोल्ट्रीवाला म्हणाला, "मावशी, पोल्ट्रीतली पाच वर्षं घ्या. सुरुवातीची घ्या, ती चांगली होती. रोगबीग काही नव्हता."

आनसाबाईनं तिघांकडं बघून हात जोडले. "तुमी द्यायला निघालात, भरून पावलं. पण माझ्या पोरानं कोंबड्या पाळल्या न्हाईत आन् माणसं मोजली न्हाईत. त्यो बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. एकोणीस वर्षं. त्येचं त्येला द्या."

मास्तर मला म्हणाले, "बाई, क्लॅरोनेट तर आमचे पोल्ट्रीवाले वाजवायचे. सगळ्या तालुक्याला माहीत आहे. माझ्या लग्नात यांनीच वाजवलं."

मलाही तसंच आठवत होतं. पण मरणाच्या नोंदीला आईचं म्हणणं टाळायचं नाही, जुनं रजिस्टर बघायचं, असा नियम आहे. मी फेरफाराचं रजिस्टर काढलं. अकरा वर्षांपूर्वीचं पान. "खडकेवाडी बँडात क्लॅरोनेटवादन, एकोणीस वर्षे. मधुकर तोडकर, खडकेवाडी, यांच्याकडून मधुकर तोडकर, पोल्ट्री, यांच्याकडे. पंधरा दिवसांत हरकत नाही. मंजूर." खाली सही. कुणाची असणार? माझीच.

आणि मग मी नोटिशीची तारीख बघितली. नोटीस मी ऐन वैशाखात लावली होती. लग्नसराईत! बँडवाल्याला वैशाखात घरी जेवायला सवड नसते, तो फळा वाचायला कधी येणार? दिवसाला दोन दोन लग्नं, ह्या गावाहून त्या गावाला. पंधरा दिवस ती नोटीस भिंतीवर फडफडली आणि मी सोळाव्या दिवशी दुपारी शिक्का मारून मोकळी झाले. एवढी अक्कल मला असायला हवी होती.

"त्या दिवशी चिंचोलीला वरात हुती," आनसाबाई सांगू लागली. "वाजवता वाजवता थांबला म्हनं. बँडमालकानं इचारलं, तू कोण रं, आन् आमचा ड्रेस कशापायी घातलास? त्येलाबी सांगता येईना. तसाच चालत घरी आला. क्लॅरोनेट माझ्या हातात दिलं आन् म्हनला, आई, हे कुणाचं तरी माझ्याकडं राहिलंय, नेऊन देऊ का?"

तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"मी इथं आले हुते बाई तवा. तुमी म्हनला, आईच्या आठवणीवर हरकत चालत न्हाई."

म्हटलं असणार. नियम तसाच आहे. पुढं मधूनं त्याच बँडच्या मागं दिव्यांच्या जनरेटरची गाडी ढकलली, मरेपर्यंत. पण ढकलण्याला आमच्या उताऱ्यात रकाना नाही.

मी पोल्ट्रीवाल्याकडं वळले. "हे बघा, तुम्ही खुशीनं हक्कसोडपत्र दिलंत तरच ओळ परत जाते. जबरदस्ती नाही. आणि मयताच्या नावावर चढलेली ओळ पुन्हा वाटणीत येत नाही. गेली ती गेली."

पोल्ट्रीवाला उभा राहिला. साठीचा धिप्पाड माणूस, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तेवढं सोडून काहीही मागा, मावशी," म्हणाला. "सगळी पोल्ट्री लावा त्याच्या नावावर. ग्रामपंचायतीची मेंबरकी घ्या."

"का हो?" मी जरा तडकूनच विचारलं. "अर्जात कारण मुलीचं लग्न लिहिलंय. मिरवायला घेतली होती ना? झालं की लग्न. नातवंडं झाली."

"मिरवायलाच घेतली होती, बाई. खोटं नाही बोलत. पाहुणे शिकलेले, आणि माझ्याकडं सांगायला नुसत्या कोंबड्या. म्हटलं, काहीतरी कला असावी. पण ओळ नावावर चढली आणि..." तो थांबला. "माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. तिचा चेहरासुद्धा मला ठाऊक नाही. पण त्या ओळीबरोबर एक आठवण आली. मी बारा वर्षांचा आहे, क्लॅरोनेट शिकतोय, रीड लागून ओठ फाटलाय, आणि कुणीतरी बाई मला जवळ ओढून ओठाला तूप लावतेय. शिव्या देतेय आणि लावतेय. अकरा वर्षं मी रोज पहाटे वाजवतो ते त्यासाठी. वाजवलं की ती बाई दिसते. आता ते देऊन टाकू म्हणता?"

"लोणी," आनसाबाई म्हणाली.

"काय?"

"तूप न्हाई. लोणी लावायची मी. तुपानं चुरचुरतं."

पोल्ट्रीवाल्यानं तिच्याकडं नीट बघितलं, मला वाटतं पहिल्यांदाच. मग तो मटकन खाली बसला, बाकावर नाही, फरशीवरच, आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. ड्रायव्हरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मास्तर चष्मा पुसत खिडकीकडं गेले. मला काय करावं कळेना, म्हणून मी शाईचा पॅड उघडून ठेवला.

आनसाबाई त्याच्याजवळ बसली. "माझ्याकडं आठवण हाय रं बाबा," म्हणाली. "ती कुणी नेत न्हाई. पण त्येच्याकडं कायबी न्हाई. रिकामा कसा जाईल त्यो?"

पोल्ट्रीवाल्यानं बाहीनं डोळे पुसले आणि विचारलं, "कुठं सही करायची?"

सहीनं काम भागत नाही. जमिनीचा ताबा जसा जाग्यावर जाऊन देतात, तसा कामाचा ताबा ते काम पंचांसमोर करता करता द्यावा लागतो. मी तसं सांगितलं. तेव्हा आनसाबाईनं पिशवीतून क्लॅरोनेट काढलं. अकरा वर्षं ज्वारीच्या कणगीत होतं. दोन दाणे फटीत अडकलेले होते ते तिनं नखानं काढले.

मी पंचनामा लिहायला घेतला. वेळ चार वाजून चाळीस मिनिटं. पंच दोन, ड्रायव्हर आणि मास्तर. पुढचं वाजवणं सांगते ते त्या पंचनाम्यावरूनच, नाहीतर शिक्क्यानंतर मला तरी ते कुठून आठवणार?

पोल्ट्रीवाल्यानं उभं राहून क्लॅरोनेट ओठाला लावलं. नवरी मांडवातून निघते तेव्हा वाजवतात ते वाजवलं. पहिल्यांदा सूर फाटला, मग लागला. बाजूच्या आवक-जावकच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. शिपाई हातातला चहा तसाच धरून ऐकत होता. मी फेरफार लिहून पुरा केला, शिक्का उचलला, आणि खरं सांगते, मला तो मारवेना. पंचनाम्यात मी "शाई वाळली होती" असं लिहिलंय. शाई चांगली ओली होती. एकदा घाई केली होती, दुसऱ्यांदा होईना.

आनसाबाई डोळे मिटून बसली होती. वाजवणं संपत आलं, पुन्हा वरच्या सुरावर चढलं. ऑफिस बंद व्हायची वेळ होत आली, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि हात वर केला. "बास. आता द्या त्येला."

मी शिक्का मारला.

सूर तिथंच थांबला. पोल्ट्रीवाल्याच्या तोंडातून नुसती हवा निघाली. त्यानं क्लॅरोनेट खाली घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं, पेपरवेट ठेवावा तसं.

मी उतारा वाचून दाखवला. "मधुकर शंकर तोडकर, खडकेवाडी. क्लॅरोनेटवादक, एकोणीस वर्षे. मयत." आनसाबाई म्हणाली, "पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागद हातात घेऊन त्या ओळीवरून बोट फिरवलं, घडी केली आणि क्लॅरोनेटबरोबर पिशवीत ठेवली.

निघताना ती पोल्ट्रीवाल्यापाशी थांबली. वाजवून वाजवून त्याच्या ओठांवर आणि हनुवटीवर घाम आला होता. तिनं पदराचं टोक घेतलं, टाचा उंचावल्या आणि तो पुसला. पोल्ट्रीवाला अवघडून उभा राहिला. ती बाहेर गेली.

तो माझ्याकडं वळला आणि हळूच म्हणाला, "बाई, ह्या मावशी कोण?"

मी रजिस्टर मिटलं. "तुमच्या एका नावभावाची आई."

"असं होय," तो म्हणाला. मग तो दारात गेला आणि ती जिना उतरून जाईपर्यंत कठड्याला धरून बघत राहिला.