अकोल्याच्या उन्हाची परीक्षा

आमचे शेजारी गावंडे सर दर पंधरा दिवसांनी अमरावतीहून बसनं अकोल्याला जातात, ते तिथल्या उन्हात सोलर दिव्यांची माळ टांगायला. अमरावतीत ऊन नाही असं नव्हे. मे महिन्यात आमच्या गच्चीवर पापड तेलाशिवाय तळून निघतात. पण सरांच्या लेखी हे ऊन बालवाडीचं. "बोर्डाची परीक्षा अकोल्यातच होते, राजेहो!"

सरांनी आयुष्यभर आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेतला. त्यामुळे दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतात आणि लगबगीनं आत जातात. जो सापडतो तो "वॉटरप्रूफ आहे सर" म्हणतो, आणि सर तिथंच बादलीभर पाणी मागतात. वायर दातानं चावतात. पॅनल नखानं खरवडतात. बॅटरी बदलता येत नसेल, तर भर दुकानात निकाल लावतात, "मंग हा लाइट नाई, फटाका हाय. एका दिवाळीचा!"

या छळातून तरलेली माळ अकोल्यात थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या अंगणात लागते. अक्का एकटी राहते. मागच्या वर्षी तिन्हीसांजेला नळाशी पाय घसरून पडली. अमरावतीला चल म्हटलं की म्हणते, "तुया घरी काय खाटेवर बसून राहू?"

दहाबारा दिवस माळ छान उजळते. मग अक्काचा फोन. "बापू, बंद पडली रे." सर आनंदानं मांडी थोपटतात. "नापास!"

अशा सहा माळा नापास झाल्या. सातवीच्या वेळी मी साक्षीदार म्हणून गेलो. अक्कानं रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली, सोबत सरांच्या लहानपणच्या सगळ्या फजित्या. दुपार कशी सरली कळलं नाही. मग मी जुनी माळ उतरवली. वायरचे दोन तुकडे झाले होते, आणि काप कसा, तर विळ्यानं भेंडी चिरावी तसा स्वच्छ. मी तोंड उघडलं, तोच सरांनी माझा पाय दाबला.

"काहून बंद पडली रे?" अक्कानं ताटं उचलता उचलता विचारलं.

"ऊन, अक्का. लय कडक ऊन हाय तुया अकोल्यात."

परतीच्या बसमध्ये सरांनी तिकिटाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "आज दोन माळा लावल्या, भाऊ. एक तिचा हात पुरते तिथं. दुसरी उंच, छपराले. तिथं विळा नाई पोचत."