दादाराव काकाजींचा पिवळा दिवा

आमच्या शेजारचे दादाराव काकाजी रोज सकाळी गाडीतल्या दिव्याशी भांडायचे. किल्ली फिरवली की समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागायचा, आणि काकाजींचा आवाज भिंत ओलांडून माझ्या चुलीपर्यंत यायचा.

"काहून पेटून राहिला बे? सारं देलं ना तुले? आता काय पायजे?"

दिवा जळतच राहायचा. मग काकाजी काच खाली करून साऱ्या गल्लीला सांगायचे, "पाहून घेतो मी याले!"

नांदगाव खंडेश्वरात तेव्हा एकेक गोठा रिकामा होत चालला होता. पाऊस नाही, कडबा नाही. काकाजींचीही बैलजोडी गेली. पुढे त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली आणि दवाखान्याची, कॉलेजची माणसं अमरावतीला न्यायला लागले.

पण माणूस बैलांचा. वळण आलं की आधी जिभेनं चक् चक् करायचे, मग स्टिअरिंग फिरवायचे. बाजारात गर्दी असली तर मान बाहेर काढून "हो, हो, सरका!" मागे बसलेल्या काकीजी म्हणायच्या, "अवो, हॉर्न दाबा ना."

"बैलाले व्हता काय हॉर्न?"

दिवा लागला की गाडी रफिक मिस्त्रीच्या गॅरेजात जायची. रफिकनं मशीन लावलं, सेन्सर बदलला, दिवा विझला. काकाजींनी बारशाची बातमी सांगावी तशी ती घरोघरी सांगितली. मंगळवारी दिवा पुन्हा हजर. मग वायर बदलली. पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर. गाडी अकोल्यालाही नेऊन आणली. तिथे एकानं सल्ला दिला, दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा, पुष्कळ लोक लावतात.

काकाजी परत आले ते तणतणतच. "बैल लंगडून राहिला न् मी त्याच्या पायाले फडकं गुंडाळू? दिसू नये म्हणून?"

दिवा पाहून भाड्याची माणसं मात्र बसायला कचरू लागली. पुण्याहून मुलाचा फोन यायला लागला. बाबा, ती गाडी विका, घराला कुलूप लावा आणि दोघं इकडे या. काकाजी फोनवर बोलायचे तेव्हा फोनची गरज नसायची, इतका आवाज.

"बैल गेले तवा मी गप्प बसलो. आता नाई बसत. गाडी इकत नाई, घर सोडत नाई, पट्टी लावत नाई!"

पण काकीजी भिंतीशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "या महिन्यात दिवा इझला नाई त जा लागते वो बाई. भाडंच नाई त खावं काय?" त्यांनी तुळशीचं रोप मला सांभाळायला देऊनही टाकलं होतं.

शेवटी रफिकनंच विचारलं, "काकाजी, ये मंगलवार का चक्कर क्या है? सोमवारी तुमी करता तरी काय?"

"काई नाई. आंघोळ घालतो."

"कोनाले?"

"तुह्या मिस्त्रीपणाले! गाडीले, अजून कोनाले?"

रफिक पुढच्या सोमवारी स्वतः पाहायला आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. कोमट पाण्यात हळद आणि तूप घालून पळसाच्या पानानं खांदा चोळायचा आणि कानाशी सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बैलाला हा मान वर्षातून एकदा. काकाजींच्या गाडीला तो दर सोमवारी मिळायचा. आणि ओझं ओढतं ते इंजिन, म्हणून गाडीचा खांदा बोनेटच्या आत.

रफिकनं कपाळाला हात लावला. "या अल्लाह! काकाजी, या दिव्याले तुमीच आवतन देऊन राहिले!"

त्यानं वायरीचा जोड उघडला. आत हळदीचा लगदा.

"तूप घरचं हाये," काकाजी म्हणाले.

"घरचं असो का बाजारचं, वायरीले पचत नाई. आजपासून बोनेटच्या आत हात नाई घालायचा!"

"मंग सोमवारी म्या करू काय?"

रफिकनं लगदा खरवडून काढला. जोड पुसून, वाळवून तो गेला.

मंगळवार आला, बुधवार आला. दिवा लागला नाही. काकाजींनी पुण्याला फोन लावला. "इझला! आता येत नाई म्हंजे नाई!" मी तुळशीचं रोप भिंतीवर ठेवलं, काकीजींनी ते उचलून आत नेलं.

पुढच्या सोमवारी कपडे वाळत घालताना मला भिंतीपलीकडे काकीजींचं हसू ऐकू आलं. त्या पायरीवर बसल्या होत्या. मागे काकाजी, हातात हळद-तुपाची वाटी.

"अवो, लोकं पायतीन! मी काय बैल आहो?"

"व्हती ना," काकाजी म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "जोडी गेली त्या साली पेरल्या वावरात डवरा कोनं ओढला? मी मागून दाबत व्हतो, दोर तुह्या खांद्यावर व्हता."

काकीजींचं हसू थांबलं. मी ओला कपडा हातात धरून तशीच उभी राहिले. काकाजी पळसाचं पान वाटीत बुडवत होते, चोळत होते, पुन्हा बुडवत होते.

काकीजींनी पदर सारखा केला आणि दुसरा खांदा त्यांच्याकडे वळवला.