टीम हरेपर्यंत म्हैस

आमच्या हायस्कूलची बास्केटबॉलची मॅच बघायला गेनूतात्या म्हैस घेऊन येत. मैदानाच्या कडेच्या बाभळीला तिला बांधत, तिचं तोंड रिंगकडे करत आणि मग मला हात करत, "करा सुरू!" पंचांनी शिट्टी फुंकली तरी तात्यांचा हात वर होईपर्यंत आमची पोरं चेंडूला शिवत नसत. मी त्या शाळेचा ड्रिलमास्तर. शिस्त माझ्याकडे होती, असं कागदोपत्री म्हणता येईल.

गोष्ट बाहत्तर सालची. पाऊस दडी मारून बसलेला, चाऱ्याची मारामार. वर्षापूर्वी तात्यांची बायको, सरूकाकू, वारली होती. नगरला नोकरीत असलेल्या मुलानं सांगितलं, म्हैस विका, घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे राहायला या. तात्या गोदी म्हशीला घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघाले. वाटेत शाळेपाशी गर्दी दिसली म्हणून टेकले, ते मॅच संपेपर्यंत. तोवर बाजार उठला आणि आम्ही जन्मात पहिल्यांदा जिंकलो.

"गणित हाय ते, मास्तर," तात्या म्हणाले. "म्हस हुती म्हणून जिकलो. आता टीम हरंपत्तूर इकायची न्हाई."

ज्याला शेंडा ना बुडखा, त्या प्रत्येक गोष्टीला तात्या 'गणित' म्हणत. पण त्यानंतर आम्ही ओळीनं नऊ मॅच जिंकलो, आता बोला! बाहेरगावी मॅच असली की पोरं एसटीनं जात. तात्या आणि गोदी आदल्या दिवशीच पायी निघत.

खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. रिंग मात्र त्यांनीच दिलेली. विहिरीवर इंजिन आल्यावर अडगळीत पडलेलं मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं ते. "जाळीला बूड लावा की," ते मला सांगत. "एकदा पडला की ऱ्हाऊ द्या आत. त्योच त्यो चेंडू कितींदा टाकायचा?"

एकदा ऐन फ्री थ्रोच्या वेळी गोदी रेकली आणि पाहुण्यांचे दोन्ही चेंडू हुकले. त्यांच्या मास्तरांनी तक्रार केली. पंचांनी नियमांचं पुस्तक पालथं घातलं. त्यात म्हशीला कुठंच मनाई नव्हती.

मला संताप यायचा. तीन वर्षं पोरं घडवली मी आणि हार घालायचे म्हशीच्या गळ्यात! शेवटच्या पाच मिनिटांत तात्या डोळे मिटून, तिचं शिंग घट्ट धरून उभे असत. काय हे खेळाचं वेड, असं मला वाटे.

अकरावी मॅच आम्ही एका पॉइंटनं हरलो. तात्यांनी दावं सोडलं. "उद्या बाजार हाय," एवढंच बोलले.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं होतं. तरी निरोप द्यावा म्हणून सकाळी त्यांच्या घरी गेलो आणि गोठ्याच्या दाराशीच थबकलो. तात्या काकूंचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धार काढत बसले होते. गोदीला रेडकू असल्यापासून काकूंनी वाढवलेलं. दुसऱ्या कुणाला ती पान्हा सोडत नसे. लुगड्याला ती फसत होती, किंवा तात्यांसाठी फसल्यासारखं करत होती.

"एका पॉइंटानं गेलं बघ, सरू," तात्या बोलत होते. "पोरांनी लई जीव काढला. पर आता कुलूप लावावं लागंल."

मी चार पावलं मागं गेलो आणि मोठ्यांदा खोकलो. बऱ्याच वेळानं तात्या धोतर सावरत बाहेर आले. "चला मास्तर, सुटलं गणित."

"कुठं सुटलं?" मी मैदानावरचा आवाज काढला. "काल तुम्ही गोदीचं तोंड रस्त्याकडे करून बांधलं होतं. मी पाहिलं ना! ही हार धरायची नाही."

इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

"व्हय?" तात्या हळूच म्हणाले. "मग चुकलंच की माझं."

"पुढची मॅच सोमवारी. तिला वेळेवर आणा."

तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि गोठ्याकडे वळून, मला ऐकू जाईल असं, मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस का, सरू? सोमवारी जायचंय."