बारा डब्यांची परीक्षा

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी माझी स्मरणशक्ती तपासायचं ठरवलं, आणि घरातली पत घालवून बसलो.

कारण सांगायलाही लाज वाटते. ढाणकीच्या शाळेत अंधश्रद्धेवर बोलता बोलता मी मधेच थांबलो. पुढचं वाक्य गेलं, मग मागचंही गेलं. (तर्कशास्त्राचा एम.ए. पाण्याच्या पेल्याकडे आशेने पाहत होता.) येत्या रविवारी यवतमाळात तेच व्याख्यान होतं. परीक्षेत नापास झालो, तर नकार कळवायचा.

पद्धत शास्त्रीय होती. पत्नी बाजारात गेली की स्वयंपाकघरातल्या बारा डब्यांत एकेक वेगळी वस्तू दडवायची आणि संध्याकाळी न पाहता कुठे काय ते सांगायचं. हाताशी आलं ते घेतलं. ज्वारीत सुई, तूरडाळीत बिबा, मिठात कोळसा, पोह्यांत लिंबू... (इतकं शिकूनही मला त्यात काहीच खटकलं नाही.)

चार वाजता माझी पत्नी पंचफुला किंचाळली.

"अवो, धावा! कोनं तरी करनी केली आपल्यावर!"

शेजारच्या सुग्राबी धावत आल्या. बिबा पाहून त्यांनी कानाला हात लावले. "या अल्ला! हे घरातल्याच मानसाचं काम हाय. बाहेरच्याले तुमचे डबे कसे मालूम?"

"घरात तं सूनच हाय," पंचफुला हळूच म्हणाली.

चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली कौसल्या दाराआड रडू लागली. "मामाजी, मी नाही केलं जी!"

गप्प बसता आलं असतं. (आधी तोच विचार आला.) पण ती पोर थांबेना. शेवटी मी डोळे मिटले. "ज्वारी, सुई. तूरडाळ, बिबा. मीठ, कोळसा..."

बाराच्या बारा बरोबर! मी आनंदाने डोळे उघडले. तिघी माझ्याकडे पाहत होत्या.

"म्हंजे तुमीच?" पंचफुला म्हणाली.

"अगं, स्मरणशक्ती तपासत होतो."

"त्याच्यासाठी घरात बिबा लपवा लागते? अन् पोरीले रडवून राह्यले! माफी मांगा तिची."

मी हात जोडले. सासऱ्याने हात जोडलेले पाहून कौसल्या आणखीच रडली.

रविवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मी एकदाही अडखळलो नाही. टाळ्या संपल्यावर लखीराम नावाच्या एका गृहस्थांनी मला अदबीने बाजूला घेतलं.

"भाषण लय झकास झालं, साहेब. पन तुमी सवताच्याच घरावर करनी केली अन् सवताच काढली म्हनते. माह्या म्हशीचं बी पाहून द्या ना जरा."