लिंबाजीरावांच्या मोटारीचा दम

लिंबाजीरावांच्या मोटारीत बसायचं तर आधी कापसाच्या काट्यावर बसावं लागे. मानवतच्या मोंढ्यात त्यांचं अडतीचं दुकान, आणि दारातच काटा. मी तोलून झालो की ते संशयानं विचारायचे, "मास्तर, खिशात काय हाय?" मग किल्ल्या, पानाचा डबा, चपला एकेक करून खाली उतरायच्या. एकदा मी जेवून आलो होतो, तर मला गाडीत न घेता त्यांनी अर्धा कोस पायी फिरवून आणलं. गाडीला माझा भार झेपत नव्हता असं नाही. माझ्या भाकरीपायी तिचा वेग कमी व्हावा, हे त्यांना सोसत नव्हतं.

मोटार म्हणजे विलायती, बुटकी, बिनछपराची, दोनच माणसांची शर्यतीची गाडी. निजामाचं राज्य गेलं तसे तिचे मालक जहागीरदार हैदराबादेला निघून गेले आणि ती मागं राहिली, कोंबड्यांच्या ताब्यात. लिंबाजीरावांनी ती विकत घेतली तेव्हा बॉनेटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघेपर्यंत त्यांनी इंजिनाला कुणाला हात लावू दिला नाही. बायको फार लवकर गेलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी शकू. मोटार आली तेव्हा शकू म्हणाली, बरं झालं, आता घरात माझ्यापेक्षा हट्टी कुणीतरी आलं.

"गाडीत लय दम हाय मास्तर. नुसता कोंडलाय," हे त्यांचं निदान. कोंडलेला दम मोकळा करायचा म्हणून पहिल्यांदा सायलेन्सर काढून फेकला. त्या दिवशी मोटार मानवतात सुरू झाली आणि तिकडं लांबच्या झरी गावच्या म्हशींनी दूध चोरलं. मग इंजिनाला हवा जास्त मिळावी म्हणून पुढच्या बाजूला तेलाच्या घाण्यावरचं भलंमोठं नरसाळं बसवलं. त्या नरसाळ्यानं वाटेतले टोळ, कापसाचे पुंजके आणि एका तलाठ्याची टोपी गिळली. टोपी परत निघाली तेव्हा तलाठी ती ओळखायलाच तयार होईना. पेट्रोल महागलं आणि सारा देश थेंब थेंब वाचवायला लागला, त्याच महिन्यात ह्यांनी कार्बुरेटरचं भोक दाभणानं मोठं केलं.

मग वजनाची पाळी आली. बंपर गेला, दारं गेली, समोरची काच गेली. काच गेल्यावर आम्ही दोघं तोंड मिटून प्रवास करायला शिकलो; पावसाळ्यात किड्यांचे थवे, तोंड उघडलं तर भाजीची गरज नसे.

सगळ्यात मोठी करामत स्प्रिंगांची. शर्यतीची गाडी जमिनीला चिकटून पळते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून स्प्रिंगा कापून गाडी वीतभर खाली बसवली. पण आमच्याकडचे रस्ते बैलगाड्यांनी घडवलेले. दोन बाजूंना चाकोऱ्या, मधे मातीचा उंच धस. पहिल्याच फेरीला मोटार पोटावर त्या धसावर बसली आणि चारी चाकं हवेत गरगर फिरायला लागली. लिंबाजीराव मात्र खुशीत. म्हणाले, "बघा, चाकं कशी पळायलीत." गाडी मागून कधी येणार, एवढंच विचारायचं मी टाळलं.

हा सगळा खटाटोप मोठ्या सडकेवर परभणीच्या बसला एकदा मागं टाकायचं म्हणून. बसचे ड्रायव्हर गफूरचाचा. दर खेपेला लिंबाजीराव धुरळा उडवत बसच्या मागं लागायचे आणि दर खेपेला काहीतरी तुटून, उकळून किंवा सांडून रस्त्याकडेला थांबायचे. परतीच्या खेपेला गफूरचाचा खिडकीतून वाकून अदबीनं विचारायचे, "क्या लिंबाजीराव, धक्का मारूं?"

मग शकूचं लग्न झालं. बाळंतपणाला माहेरी आली, आणि तेवढ्यात जावयाला नागपूरच्याही पलीकडं कुठंशी नोकरी लागली. बायको-लेकराला घेऊन परभणीहून आगगाडी धरायची म्हणून जावई न्यायला आले. मोटारीत तिघं बसणार कशी? आणि कशीबशी बसली असती तरी जावयांनी ते नरसाळं पाहिलं होतं. ती तिघं बसनं जाणार असं ठरलं. शकू म्हणाली, "आबा, तुमी बी चला की बसमधी."

"मी कशाला बसमधी? तू उतरायच्या आधी ठेसनावर उभा राहतो, बघ."

सगळ्या मोंढ्यानं हे ऐकलं. आता माघार नव्हती. निघायच्या दिवशी हमाल, अडते, गिऱ्हाइकं रस्त्यावर उभी. बस निघाली, मागून आम्ही. आणि काय सांगू, त्या दिवशी मोटारीचा दम खरोखरच मोकळा झाला. काही तुटेना, काही उकळेना. पेडगावच्या अलीकडं आम्ही बसच्या शेपटाला टेकलो.

बसच्या मागच्या काचेत शकू होती. सगळ्यात शेवटच्या बाकावर उलटी वळून बसलेली. तिनं बाळाला उचलून काचेला धरलं आणि त्याचा हात धरून हलवायला लागली.

रस्ता रुंद झाला. गफूरचाचांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि जा म्हणून खूण केली. मी धुरळा गिळत ओरडलो, आता दाबा.

लिंबाजीरावांनी पाय उचलला. मला वाटलं, काहीतरी तुटलं. मी विचारलं, काय झालं?

ते काचेकडंच बघत होते. "पुढं जाऊन काय बघू, मास्तर? नुसता रस्ता?"

गफूरचाचांचा हात थोडा वेळ बाहेर तसाच राहिला. मग त्यांनी आरशात मागं पाहिलं असावं. हात आत गेला आणि बस हळू झाली. आम्हीही हळू झालो. बस आणखी हळू झाली. आतले लोक आगगाडी चुकेल म्हणून कालवा करायला लागले, त्यात जावयांचा आवाज सगळ्यात मोठा.

पेडगावच्या पुढं मागून एक कडब्याची बैलगाडी आली. लिंबाजीरावांनी काचेवरची नजर न काढता बाजूला हात केला आणि तिला पुढं जायला वाट दिली.